आठवा

विल्यांदीच्या जिल्हाकोशाचं काम
हेल्मी राउद्ला एकटीच रेटतेय, हा तिसरा हिवाळा,
वाचनालयाच्या तळघरात, जिथे गरम पाण्याचा नळ
भिंतीतून म्हाताऱ्यासारखा खाकरत जातो.
सध्या ती 'स'वर आहे,
आणि 'स'मध्ये आर्विद सोसारांनी वाट अडवलीय.

सोसार म्हणजे तिकडच्या भाषेत
दलदलीतलं बेट.
चार बर्च, घोंगडीभर कोरडी जमीन,
आणि पाऊल चुकलं की गुडघाभर काळं पाणी.

नाव एक, माणसं वेगळाली,
म्हणून नावापुढे कंस.

आर्विद सोसार (दगडफुलांचा अभ्यासक):
एकाच थडग्यावरचा एकच करडा डाग
एकोणतीस वर्षं मोजत बसला. डाग नखाएवढा वाढला.
आर्विद सोसार (मल्ल). आर्विद सोसार (घंटा ओतणारा),
ज्याच्या सगळ्या घंटा लढाईत वितळवल्या, एक सोडून;
ती तडकलेली होती म्हणून वाचली.
एक पाद्री. एक पूल बांधणारा,
पूल अजून धडधाकट, नदीच जरा बाजूला सरकली.
आर्विद सोसार (गोलरक्षक), एका दुपारी अकरा गोल,
लोकांना तेवढंच ठाऊक.

सातव्याशी पेन्सिल थांबते.
(शिक्षक) लिहावं की (खबऱ्या)?
दोन्ही खरं.
त्याची लेक कोपऱ्यावरच्या बेकरीत असते,
हेल्मीसाठी काळ्या पावाची करपट कड
कागदात गुंडाळून ठेवते, न सांगता, रोज.

एका शब्दाची भिंत इकडून, एक तिकडून,
आत अख्खा जन्म.
कंसाच्या कोठडीत सात.

शुक्रवारी, बर्फ तिरपा पडत असताना,
नमद्याचे बूट झटकत एक म्हातारा जिना उतरला.
नाव? आर्विद सोसार.
हेल्मीने चष्मा पुसला. काय केलंत आपण?
डेअरीत कॅन धुतले. बत्तीस वर्षं.

मग त्याने पिशवी टेबलावर ठेवली.
टेलिफोनच्या यादीत मी सगळ्यांत वर होतो, म्हणाला,
सगळ्यांचं माझ्याकडेच यायचं.
नॉर्वेहून काडेपेटीत दगडफूल आलं,
ते ओलसर ठेवून दुसऱ्या दिवशी पोचवलं.
मल्लाला लग्नाची मागणी आली. नकार मी लिहिला,
त्याला शब्द जमत नव्हते.
त्या गोलरक्षकाला रात्री-अपरात्री शिव्या यायच्या.
ऐकून घेतल्या. त्याला झोप लागत नाही, असं कानावर होतं.

आणि सातवा? हे तिने विचारलं नाही.
त्यानेच थोड्या वेळाने सांगितलं.
एक बाई आली होती, मार्चमध्ये, ओल्या शालीत.
म्हणाली, माझा भाऊ कुठे नेला ते सांग.
मी म्हटलं, बाई, माणूस चुकलात.
ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात.
मग मी चहा ठेवला.
पहाटेपर्यंत बसली. भाऊ कसा शीळ घालायचा ते सांगत राहिली.

नळ खाकरला.
हेल्मीने कोरं कार्ड ओढलं, तसा तो हात आडवा करून म्हणाला,
छे छे, नोंद नको. दुरुस्ती सांगायला आलोय.
गोल अकरा नव्हेत, दहा.
एक ऑफसाइड होता. मी जाळ्याच्या मागेच उभा होतो.

जिन्यावर त्याच्या बुटांचं पाणी
पायरीपायरीवर उरलं, दलदलीत बेटं असावीत तसं.

तिने अकरा खोडून दहा केले.
सातव्यापुढे दोन्ही शब्द लिहिले, आधी शिक्षक,
मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहून, दुसरा.
कोऱ्या कार्डावर नाव लिहिलं.
पुढे कंस नाही.
फक्त समासात, बारीक अक्षरात,
छापणाऱ्याला कळो न कळो:

आठवा